लांब खुर्ची

दिवाळीच्या आधीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी एक लहानसे उत्खननच असते. माळ्यावरून काय निघेल आणि पडवीच्या कोपऱ्यातून काय हाती येईल, याचा नेम नसतो. गेल्या वर्षी अशीच अडगळ उपसताना फुटके हंडे, एका पायाचा पाट आणि गेल्या पिढीतले दोन कंदील यांच्यामागून आप्पांची आरामखुर्ची बाहेर आली. आप्पा म्हणजे माझे आजोबा. खुर्ची सागवानी, वजनाला चांगली दणकट. पाठ मागे कललेली. हात नेहमीच्या खुर्चीपेक्षा दुप्पट लांब, आणि प्रत्येक हाताच्या खाली एकेक पट्टी लपवलेली. ती फिरवून पुढे ओढली की तिच्यावर पाय टाकून माणूस पुरता लांब होऊ शकतो. बैठक वेताची होती असे म्हणायचे. आता मधोमध भलेमोठे भगदाड होते आणि उंदरांनी त्याला झालर लावली होती.

त्याच आठवड्यात जुन्या वस्तू विकत घेणारा एक व्यापारी गावात आला होता. आमच्या अंगणातून जाता जाता तो थबकला, खुर्चीपाशी उकिडवा बसला, तिला खालून वरून न्याहाळले, नखाने लाकूड खरवडून पाहिले आणि मला म्हणाला, "बाई, ही चेझ लाँग द्यायची आहे का?"

"ही आरामखुर्ची आहे," मी म्हटले.

"तुमच्याकडे आरामखुर्ची. मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे गेली की चेझ लाँग. नाव बदललं की भाव बदलतो, बाई."

त्याने सांगितलेला आकडा ऐकून दादा ओसरीवरून खाली उतरला. पडवीची कौले गेली दोन वर्षे गळत होती. दादा म्हणाला, "देऊन टाकू. कुणी बसत नाही, कुणी बसणार नाही. त्या पैशात पडवी शाकारून होईल." व्यापारी शहाणा माणूस. त्याने घाई केली नाही. "पाडव्याला परत येतो, तोवर ठरवून ठेवा," म्हणून तो निघून गेला. आई तेवढा वेळ दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

मी शाळेत मुलांना शिकवते, आणि फावल्या वेळात गोष्टी-कादंबऱ्या लिहिते. इतिहासाची मी काही पंडित नव्हे. पण एखादा नवा शब्द कानावर पडला की त्याची कुळकथा काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. ‘चेझ लाँग’ हे फ्रेंच नाव. अर्थ अगदी साधा, लांब खुर्ची. पण या लांब खुर्चीच्या मागे मागे जाऊ लागले, तर वाट पार असुरांच्या राजवाड्यापर्यंत गेली. त्या वाटेवर जे दिसले ते या फराळाच्या दिवसांत वाचकांपुढे ठेवते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निनेव्हेच्या राजवाड्यातला एक दगडी शिल्पपट आहे. ख्रिस्तपूर्व ६४५ च्या सुमाराचा. असुर सम्राट अशुरबनिपाल बागेत द्राक्षाच्या मांडवाखाली उंच मंचकावर आडवा झाला आहे. डाव्या कोपरावर रेललेला, पायांवर पांघरूण, हातात पेला. त्याच्या पायाशी राणी बसली आहे, पण ती ताठ पाठीच्या खुर्चीवर, पाय चौरंगावर नीट टेकवून. मागे दासदासी पंखे हलवीत आहेत, कुणी वाद्य वाजवीत आहे. मोठे निवांत कौटुंबिक चित्र वाटते. मग बारकाईने पाहिले की एका झाडाच्या फांदीला काहीतरी लोंबकळताना दिसते. ते एलाम देशाच्या पराभूत राजाचे शिर आहे. शत्रू संपला, तेव्हा राजाने पाय पसरले! विसाव्याची ऐट दाखवणाऱ्या जगातल्या फार जुन्या चित्रांपैकी हे एक. आणि त्यात कोण आडवे, कोण बसलेले, कोण उभे, याची वाटणी आधीच पक्की झालेली आहे.

पूर्वेकडची ही पद्धत ग्रीकांनी उचलली. त्यांच्या मंचकाला ‘क्लिने’ म्हणत. मेजवानीच्या दालनात भिंतीकडेने असे मंचक मांडायचे, डाव्या कोपरावर रेलायचे आणि उजव्या हाताने खायचे-प्यायचे. घरच्या गृहिणीला तिथे प्रवेश नसे. आणि पुरुष झाला म्हणून लगेच आडवे होता येई असेही नाही. मॅसिडोनियात जाळ्याच्या मदतीशिवाय रानडुक्कर मारल्यावाचून तरुणाला पंगतीत रेलता येत नसे. कॅसँडर हा पुढे तिथला राजा झालेला शूर पुरुष, पण डुकराचा योग न आल्यामुळे वयाच्या ३५ व्या वर्षीही तो बापाच्या शेजारी बसूनच जेवत असे, असे एका जुन्या ग्रीक ग्रंथकाराने नोंदवून ठेवले आहे. मोठी मौजेची गोष्ट. आपल्याकडे लग्नपंगतीत जावयाला चौरंग मिळाला नाही म्हणून रुसवे होतात, त्यातलाच हा प्रकार.

रोमन लोकांनी तीन बाजूंना तीन मंचक आणि प्रत्येकावर तीन माणसे अशी जेवणाची खोलीच बांधली. तिथेही पहिल्यापासूनची रीत अशी की पुरुषांनी रेलावे आणि बायकांनी बसावे. व्हॅलेरियस मॅक्सिमस हा पहिल्या शतकातला लेखक सांगतो की देवांच्या मेजवानीतसुद्धा ज्युपिटरला मंचक मांडीत, आणि जूनो व मिनर्व्हा या देवींना मात्र खुर्च्या देत. त्याच्या काळापर्यंत माणसांच्या घरी बायका रेलू लागल्या होत्या. देवींना अजून परवानगी मिळाली नव्हती! याच रोममधला तत्त्वनिष्ठ केटो याची हकिकत निराळी आहे. ख्रिस्तपूर्व ४८ साली फार्सेलसच्या रणांगणावर आपला पक्ष हरल्याचे कळल्यापासून त्याने झोपेखेरीज आडवे होणे सोडून दिले, तो बसूनच जेवू लागला. आपल्याकडे एखादा पण करून पागोटे उतरवून ठेवावे, तसा त्याने मंचक सोडला.

या सगळ्या मंडळींत मला एकच जोडपे आवडले. रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन नावाचे लोक राहत. त्यांची ख्रिस्तपूर्व ५२० च्या सुमाराची, भाजक्या मातीची एक शवपेटी रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. पेटीच्या झाकणावर मंचक, आणि मंचकावर नवराबायको शेजारी शेजारी रेललेली. त्याचा हात तिच्या खांद्यावर. दोघांच्या ओठांवर एकच हसू. ग्रीक लोक एट्रुस्कन बायकांविषयी वाटेल त्या कंड्या पिकवीत, कारण त्या नवऱ्याबरोबर पंगतीला रेलत. अडीच हजार वर्षे झाली; कंड्या पिकवणारे गेले आणि ते हसणारे जोडपे अजून तिथे आहे.

आता म्हणाल, आपल्याकडे काय होते? आपल्याकडे मंचक होता, पर्यंक होता. त्या पर्यंकाचाच पुढे पलंग झाला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेली इंग्रजांची ‘पॅलँक्विन’, म्हणजे आपली पालखी, तीही त्याच कुळातली. देवगडच्या दशावतार मंदिरात गुप्तकाळातले शेषशायी विष्णूचे अप्रतिम शिल्प आहे. उत्तर प्रदेशातले हे देवगड, आपले कोकणातले नव्हे. देव शेषावर पहुडलेला आणि लक्ष्मी त्याचे पाय चेपते आहे. असुर राजाची राणी निदान खुर्चीवर होती, असे पाहता पाहता मनात आले.

पण दरबारात आपली खरी बैठक जमिनीवरची. गादी, लोड, तक्क्या. राज्यावर बसणे याला आपण ‘गादीवर बसणे’च म्हणतो. १७९० साली पुण्यात शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशव्यांचा इंग्रजांशी टिपूविरुद्ध तह झाला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्या दरबाराचे एक मोठे चित्र थॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पुरे केले. त्यात साहेबलोक आपल्या तंग विजारींनिशी बिछायतीवर बसलेले दिसतात. खुर्ची कुणालाच नाही. पुढे १८१८ मध्ये राज्य गेले, आणि खुर्ची आली.

शब्दांनी मात्र त्याआधीच उलटा प्रवास केला होता. ‘दिवाण’ हा फारसी शब्द. आधी दप्तर, मग दप्तराची कचेरी, मग कचेरीत भिंतीकडेने मांडलेली बैठक, असा सरकत सरकत तो युरोपात गेला आणि तिकडे गादीच्या आसनाचे नाव झाला. ‘सोफा’ अरबी, उंचावलेल्या ओट्यासाठी. ‘ओटोमन’ म्हणजे तर सरळ तुर्कांचेच घराणे. आज दुकानदार ‘विलायती फॅशन’ म्हणून जी नावे घेतो, त्यांतली निम्मी पूर्वेकडूनच तिकडे गेलेली आहेत.

आता खुद्द फ्रान्सकडे वळू. चौदाव्या लुईच्या व्हर्सायच्या दरबारात बसणे हा फार मोठा मान होता. राजाराणींसमोर हातांची खुर्ची कुणाला नाही. डचेस म्हणून ज्या बड्या सरदारपत्नी, त्यांना तेवढा बिनपाठीचा स्टूल. बाकीच्यांनी तासन्‌तास उभे राहायचे. त्या एका स्टुलासाठी घराणी झुरत, कारस्थाने करीत. १७१५ मध्ये लुई वारला, दरबाराची पकड सैल झाली, मंडळी पॅरिसमधल्या आपापल्या हवेल्यांत परतली, आणि इतकी वर्षे उभी राहून दुखलेली पाठ जणू एकदम सूड घेऊ लागली. फ्रेंच सुतारांनी त्या शतकात आरामाच्या जितक्या तऱ्हा शोधल्या तितक्या आधी कुणी शोधल्या नव्हत्या. गुबगुबीत बाजूंची खुर्ची झाली. तिची बैठक पुढे वाढवून पाय मावतील अशी लांब खुर्ची झाली. तिचेच दोन किंवा तीन तुकडे करून हवे तेव्हा जोडावे अशी युक्ती झाली. एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला उतरती अशी एक जात आली, तिचे नाव ‘मेरिदियेन’, कारण ती दुपारच्या वामकुक्षीसाठी. आणि एका लांब खुर्चीचे नाव काय पडले? ‘दुशेस’. म्हणजेच डचेस! जिला काल स्टूल मिळण्याची मारामार, तिच्याच नावाच्या खुर्चीत आता पाय पसरायची सोय झाली.

पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही ज्वालामुखीखाली गाडलेली शहरे त्याच शतकात खणली जाऊ लागली, आणि प्राचीन रोमन वस्तूंचे सर्वांना वेड लागले. चित्रकार दाविद याने झॉर्झ झाकोब या नामांकित कारागिराकडून आपल्या चित्रशाळेसाठी जुन्या धर्तीचे सामान करवून घेतले होते. १८०० साली त्याने मादाम ज्युलिएत रेकामिए यांचे चित्र काढायला घेतले. दोन्ही टोकांना वळलेला मंचक, साधा पांढरा पोशाख, अनवाणी पावले, आणि खांद्यावरून मागे वळून पाहणारी ती तरुणी. चित्र अर्धवटच राहिले. ते आज लूव्रमध्ये आहे, आणि तसल्या मंचकाला जगभर ‘रेकामिए’ हेच नाव पडले. पण माणसाचे आयुष्य चित्रातल्यासारखे रेलून जात नाही. त्यांच्या पतीची पेढी बुडाली, १८११ मध्ये नेपोलियनने त्यांना पॅरिसमधून हद्दपार केले, उतारवयात दृष्टी गेली, आणि १८४९ च्या कॉलऱ्यात त्या वारल्या. १९५१ साली मॅग्रित या बेल्जियन चित्रकाराने तेच चित्र पुन्हा रंगवले. तोच मंचक, तोच दिवा, फक्त बाईच्या जागी कमरेत वाकलेली एक शवपेटी! थट्टा क्रूर आहे, पण मंचक माणसापेक्षा जास्त दिवस टिकतो हे तिने बरोबर सांगितले.

*

एकोणिसाव्या शतकात या खुर्चीची आणखी एका गोष्टीशी सोयरीक जुळली. ती म्हणजे आजारपण. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून परतल्या, १८५७ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली, आणि नंतरची कितीतरी वर्षे त्यांनी बिछान्यावर नि कोचावर पडून काढली. पण पडून काय केले? हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी छावण्यांकडून माहिती मागवली, ती चाळली, आकडे जुळवले. १८६३ मध्ये त्या आयोगाचा अहवाल निघाला. नाइटिंगेल यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही, पण इथल्या छावण्यांची गटारे आणि पिण्याचे पाणी यांचा ध्यास त्यांनी पडल्यापडल्या सोडला नाही. ‘लोळत पडली आहे’ असे कुणाही बाईला म्हणण्यापूर्वी या बाईंची आठवण करावी.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा स्वच्छ हवा, सकस अन्न आणि विश्रांती हेच औषध होते. जर्मनीत फाल्केनश्टाइन येथे १८७६ पासून डॉक्टर डेटवायलर यांनी रोग्यांना उघड्या सज्ज्यात लांब खुर्च्यांवर तासन्‌तास निजवण्याचा उपचार रूढ केला. स्वित्झर्लंडमधले डाव्होस गाव तर अशा खुर्च्यांनी भरून गेले. टॉमस मान यांची १९२४ ची प्रचंड कादंबरी त्या खुर्च्यांवरच घडते. आपल्याकडेही मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णालय उभे राहिले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, हळूहळू सज्जे रिकामे झाले, आणि डाव्होसच्या त्या खुर्च्या हौशी प्रवाशांच्या ऊन खाण्यासाठी हॉटेलांच्या गच्चीत गेल्या.

मनाच्या आजाराची लांब खुर्ची व्हिएन्नाची. १८९० च्या सुमाराला एका रोगी बाईने डॉक्टर फ्रॉइड यांना एक कोच भेट दिला. त्यावर त्यांनी इराणी गालिचा अंथरला, रोग्याला त्यावर निजवले आणि स्वतः उशाकडे, नजरेआड बसले. दिवसभर लोक आपल्या तोंडाकडे टक लावून पाहतात ते सोसवत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९३८ मध्ये नाझींच्या भयाने ते लंडनला गेले तेव्हा कोचही बरोबर गेला. आज तो त्यांच्या तिथल्या घराच्या संग्रहालयात आहे. माणूस उभ्याने जे बोलत नाही, बसून बोलत नाही, ते आडवे झाल्यावर बोलतो. आपल्याकडे हे शोधायला डॉक्टर लागला नाही. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर बायका एकमेकींशी जे बोलत, ते त्याच जातीचे.

आता आप्पांच्या खुर्चीपाशी येते. ही जात मळ्यांच्या नि बंगल्यांच्या व्हरांड्यातली. हिच्यात गादी नाही, वेत आहे, आणि तिचे मर्म तेच. फ्रान्सच्या थंडीत मखमल शोभते. आपल्या उकाड्यात अंगाखालून वारा खेळला पाहिजे. मलाया आणि त्याच्या आसपासच्या बेटांतला वेत सतराव्या शतकात व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात गेला, तिकडे खुर्च्यांना वेत विणण्याची आवड लागली, आणि मग ती रीत घेऊन साहेब इकडे आला. लाकूड इथले, सुतार इथले, चकाकीसाठी लावायची लाखही इथली. फक्त बसण्याची तऱ्हा साहेबाची. मुंबईत त्याच शतकात, म्हणजे एकोणिसाव्यात, शिसवी लाकडावर वीतभरही जागा मोकळी न सोडता वेलबुट्टी कोरलेले कोच आणि खुर्च्या होत असत. त्या साहेबांच्या बंगल्यांत गेल्या आणि पारशी शेटजींच्या दिवाणखान्यांतही.

साहेब व्हरांड्यात पाय टाकून पडला, की भिंतीपलीकडे एक माणूस बसे. त्याच्या हातात दोरी. ती ओढली की आत छताचा मोठा पंखा हले. हात दुखले की तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ओढी. निनेव्हेच्या शिल्पातला पंखेवाला अडीच हजार वर्षांनी असा पुन्हा भेटतो. फरक इतकाच की तिथे तो निदान चित्रात आला आहे. व्हरांड्यातला पंखेवाला भिंतीआड राहिला.

एक शेवटची गोष्ट सांगते आणि फिरत्या वाटेला लागते. १९२७ साली शार्लोत पेरियाँ ही २४ वर्षांची मुलगी काम मागायला पॅरिसमधले नामवंत वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेली. इथे उशांवर कशिदा काढत नाहीत, असे सांगून त्यांनी तिला वाटेला लावले. पुढे तिचे काम पाहून मात्र त्यांनी तिला बोलावून घेतले. १९२८ मध्ये ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर झानरे आणि पेरियाँ या तिघांच्या कामातून पोलादी नळ्यांची, हवी तशी कलणारी लांब खुर्ची निघाली. विसाव्या शतकातली ही सर्वांत गाजलेली लांब खुर्ची. तिच्यावर स्वतः पेरियाँ पाय वर टाकून पडल्या आहेत असे छायाचित्र प्रसिद्ध आहे, पण त्यात त्यांचे तोंड पलीकडे वळलेले आहे. खुर्ची मात्र कित्येक वर्षे बहुतेकांनी ‘कॉर्बुझिएची’ म्हणूनच ओळखली. तिघांपैकी झानरे पुढे १९५१ मध्ये चंदीगडला आले, १९६५ पर्यंत राहिले, आणि त्यांनी कचेऱ्यांसाठी इथल्या सुतारांकडून सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या भंगार म्हणून गच्चीवर रचल्या गेल्या, कवडीमोलाने गेल्या, आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या.

म्हणून ज्यांच्या घरी अडगळीत असे काही असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ‘अँटिक’ म्हणजे साधारण शंभर वर्षांपलीकडचे. अमेरिकेच्या जकात कायद्याने १९६६ साली हीच रेषा धरली, आणि आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही कलाकुसरीच्या वस्तूला शंभर वर्षे हीच मर्यादा आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. तो शंभरीच्या आतल्या पण आपल्या काळाची खूण अंगावर असलेल्या वस्तूला लावतात. जुनी खुर्ची पारखायची तर वरून पाहू नका, उलटी करा. खालचे लाकूड बिनपॉलिशचे, हवेने काळवंडलेले असते. वरून नवी केलेली लबाडी तिथे उघडी पडते. सांधे खिळ्यांचे आहेत की एका लाकडाच्या खाचेत दुसरे बसवलेले, ते पाहा. हातांच्या कडा जिथे माणसाचा हात पडतो तिथेच झिजलेल्या हव्यात, सगळीकडे सारख्या नव्हेत. भुंग्याच्या भोकांतून ताजी भुकटी गळत असेल तर घरात आणू नका. आणि घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा. जुन्या लाकडाचा रंग माणसांच्या वावराने येतो, तो डब्यात मिळत नाही.

*

हे सगळे वाचून झाले. आकडे कळले, भाव कळला. तरी खुर्ची ठेवावी की द्यावी हे काही त्यातून कळेना. कारण आमच्या खुर्चीचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आप्पांनी ती तालुक्याच्या गावी एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली होती. ती ओटीवर असे. आप्पा तिच्यात पडून वर्तमानपत्र वाचीत, कुळांशी बोलत, दुपारी घोरत. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आम्ही मुले त्यांच्याकडे पाहून म्हणत असू, अर्थात हळू आवाजात. ती खुर्ची दर शनिवारी पुसायचे, सणाला तिला खोबरेल चोळायचे काम आजीचे. माझ्या आठवणीत आजी पाटावर बसली आहे, उंबऱ्यावर, जात्यापाशी, विळीवर बसली आहे. खुर्चीत ती बसलेली मी पाहिली नव्हती. आप्पा गेल्यावर खुर्ची रिकामीच राहिली. आजी तिला तेल मात्र लावत होती.

पुढे आजीला धाप लागू लागली. आडवी झाली की जीव घाबरा होई. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. सपाट निजवू नका, पाठीला टेका देऊन अर्धवट बसती ठेवा." उशा रचून झाल्या, लोड लावून झाले, ती घसरत खाली येई आणि रात्रभर तळमळे. शेवटी आईने ओटीवरची खुर्ची माजघरात आणली.

आजी म्हणाली, "अगं, मी होय त्यांच्या खुर्चीत बसू?"

आई म्हणाली, "आई, तुम्ही तिला पन्नास वर्षं तेल लावलंत. त्यांनी एकदा तरी लावलं?"

आजी बसली. पण पाय खालीच ठेवून, पाटावर बसावे तशी आखडून. पाय वर घ्या म्हटले तर म्हणाली, समोर देव आहेत. आईने आणि मी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली. पट्ट्या पुढे ओढल्या. आजीने एक पाय वर टाकला, थोड्या वेळाने दुसरा टाकला, मान मागे टेकली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा श्वास सरळ चालू लागला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग छताकडे पाहत म्हणाली, "एवढं सुख होतं होय गं हिच्यात!"

त्या वाक्यात रागही नव्हता, तक्रारही नव्हती. नुसते नवल होते. म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर ती सव्वा महिना जगली, आणि रोज रात्री त्याच खुर्चीत झोपली.

मी दादाला हे सगळे सांगितले नाही. त्यालाही ते ठाऊकच होते. मी एवढेच म्हटले, "कौलांसाठी पतपेढीचं कर्ज काढू. निम्मे हप्ते मी भरीन." दादा कुरकुरला. त्याचेही खरे होते. पावसाचे पाणी आठवणी बघून गळायचे थांबत नाही. मग म्हणाला, "बरं. पण मग ती नीट करून घे. भगदाडाची खुर्ची घरात नको."

तालुक्याला वेताचे काम करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना दिसत नाही; अंधशाळेत लहानपणी ते विणकाम शिकले. त्यांनी खुर्चीच्या चौकटीवरून बोटे फिरवली, कडेची भोके मोजली आणि म्हणाले, "चांगल्या हाताचं काम आहे. चार दिवस लागतील." वेत भिजवून, सोलपट्टी ताणून, उभे, आडवे आणि मग तिरके धागे घालत त्यांनी बैठक विणली. एक घर चुकले नाही.

पाडव्याच्या सकाळी व्यापारी आला. खुर्ची ओटीवर होती, नव्या वेताची, खोबरेल लावलेली. तिच्यात आई बसली होती, हातात यंदाचा दिवाळी अंक. परका माणूस अंगणात आला की चटकन उठून आत जायची आईची उभ्या जन्माची सवय. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि "या, फराळ करून जा," म्हणाली.

पाय मात्र तिने खाली घेतले नाहीत.